डोक्यातला चुना आणि हातातला रिपोर्ट

मेंदूच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट आला की माणसं वरचा सगळा मजकूर सोडून थेट 'इम्प्रेशन' या शब्दाखालची ओळ वाचतात. हल्ली रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर येते आणि ती ओळ वाचून होते न होते तोच गूगलमध्ये जाते. त्या ओळीत 'कॅल्सिफिकेशन' हा शब्द असला, म्हणजे मेंदूत कॅल्शियम साचलंय असं लिहिलेलं असलं, की पुढे घराघरात काय होतं ते मी बारा वर्षं ऐकतोय. कुणी दूध बंद करतं. कुणी आजीच्या पानाच्या डब्यातली चुन्याची डबी फेकून देतं. कुणी चालू असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या थांबवतं. आणि कुणी ठरलेलं लग्न मोडतं.

मी एका जिल्ह्याच्या गावात सीटी मशीन चालवतो. टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही, आणि हा लेख वाचून तुम्हीही स्वतःचं निदान करू नका. पण एका गोष्टीवरून मला भांडायचं आहे. स्कॅनमध्ये दिसलेला कॅल्शियमचा डाग म्हणजे आजाराचं नाव नाही. इथून पुढे काय काय तपासायचं, हे सांगणारी ती खूण आहे. आपल्याकडे मात्र डाग दिसला की तपास तिथेच संपतो. डॉक्टरांचं समाधान होतं, नातेवाईकांची भीती पक्की होते आणि साध्या रक्ततपासणीत सापडला असता असा आजार वर्षानुवर्षं तसाच राहतो.

पांढरं म्हणजे काय?

आधी मशीनला काय दिसतं ते समजून घ्या. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ईएमआय कंपनीतले इंजिनिअर होते. १९७९ मध्ये अॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या नावाची मोजपट्टी आजही प्रत्येक सीटी मशीनमध्ये आहे. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००. मेंदूचा करडा भाग साधारण ३५ ते ४०, ताजं गोठलेलं रक्त ६० ते ८०च्या आसपास, कॅल्शियम बहुतेक वेळा १००च्या वर आणि हाड त्याच्याही पुष्कळ वर.

आता गंमत बघा. मेंदू नीट दिसावा म्हणून आम्ही स्क्रीनवर साधारण शून्य ते ८० एवढाच पट्टा लावतो. ८०च्या वरचं सगळं एकसारखं पांढरं दिसतं. कवटीचं हाडही पांढरं आणि कॅल्शियमचा कणही तितकाच पांढरा. गोठलेलं रक्तही जवळपास तसंच. म्हणून डागावर माउसने छोटं वर्तुळ काढून आकडा बघावा लागतो. तो आकडा काय सांगतो? इथे एक्स-रे जास्त अडले, बस. तिथे काय झालं, कधी झालं, कशामुळे झालं, माणसाला त्याचा त्रास आहे की नाही, यातलं काहीही तो आकडा सांगत नाही.

'मग एमआरआय करून टाकू' हे वाक्य इथे हमखास येतं. महाग मशीन म्हणजे खरं मशीन, ही आपली समजूत. एमआरआय अनेक बाबतींत सरस आहे, पण कॅल्शियम ओळखायला सीटी जास्त भरवशाचं. साध्या एमआरआयमध्ये कॅल्शियम कधी काळं दिसतं, कधी उजळ दिसतं, तर कधी जुन्या रक्तस्रावासारखं दिसतं.

तिसऱ्या डोळ्याचा धंदा

मेंदूतलं सगळंच कॅल्शियम बिघडलेलं नसतं. मेंदूच्या मध्यावर पिनियल नावाची मटारच्या दाण्यापेक्षा लहान ग्रंथी आहे. मोठ्या माणसांपैकी निम्म्याहून अधिकांच्या स्कॅनमध्ये तिच्यात कॅल्शियम दिसतं. मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये दिसतं, दोन अर्धगोलांमधल्या पडद्यात दिसतं. उतारवयात मेंदूच्या खोल भागात एखाद-दुसरा बारीक ठिपका दिसतो, त्याचंही बहुतेक वेळा काही करायचं नसतं. सीटी येण्याआधीच्या काळात तर पिनियलमधलं हे कॅल्शियम डॉक्टरांच्या उपयोगी पडायचं. साध्या एक्स-रेमध्ये तो ठिपका मध्यरेषेवरून सरकलेला दिसला, की एका बाजूला गाठ किंवा रक्त साचून मेंदू ढकलला जातोय असा अंदाज बांधता यायचा.

आणि आज? यूट्यूबवर 'पिनियल डिकॅल्सिफाय करा, तिसरा डोळा उघडा' असे व्हिडिओ आहेत. फ्लोराइडची पेस्ट सोडा, अमुक पावडर घ्या, तमुक मंत्र ऐका. व्हिडिओ बघून माझ्याकडे 'पिनियल किती ब्लॉक झालंय ते सांगा' असं विचारणारी कॉलेजची मुलं आली आहेत. दोस्तहो, यात तुम्हाला चुना लावला जातोय, तो डोक्यात नाही, खिशाला. निरोगी माणसाने असल्या कुतूहलापोटी सीटी करू नये. त्यात किरणोत्सर्ग असतो आणि तो कारणाशिवाय घेण्यात शहाणपण नाही.

एका नावाची दहशत

आता खऱ्या भांडणाकडे येतो. मेंदूच्या खोल भागात, हालचालींवर ताबा ठेवणारे काही पुंजके असतात. त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. कधी कधी तरुण माणसाच्या स्कॅनमध्ये हे पुंजके दोन्ही बाजूंना सारखे, खडूने रंगवल्यासारखे पांढरे दिसतात. सोबत लहान मेंदूतही पांढरे पट्टे असतात. हे चित्र एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. आणि अशा चित्राखाली ठरलेलं नाव येतं : 'फार्स डिसीज'.

थिओडोर फार हे जर्मन पॅथॉलॉजिस्ट. त्यांनी १९३० मध्ये अशा एका रुग्णाची नोंद केली. त्यांच्या आधीही अशा नोंदी झाल्या होत्या. त्यांच्या रुग्णातले कॅल्शियमचे साठे मुख्यतः बेसल गँग्लियात नव्हतेच, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आज ज्या आनुवंशिक आजाराला हे नाव लावतात, त्याचं नवं नाव आहे 'प्रायमरी फॅमिलियल ब्रेन कॅल्सिफिकेशन'. २०१२ मध्ये त्याचं पहिलं जनुक सापडलं, एसएलसी२०ए२. हे जनुक पेशीत फॉस्फेट आत घेणाऱ्या प्रथिनाचं आहे. त्यानंतर आणखी जनुकं सापडली. आजार खरा आहे, त्यात साचलेलं कॅल्शियम काढून टाकणारं औषध नाही, आणि त्याच्या बऱ्याचशा प्रकारांत मुलांमध्ये तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्याच वेळी असंही आहे, की जनुक असलेल्या कित्येकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही.

म्हणजे हे नाव उच्चारणं ही साधी गोष्ट नाही. ते लावलं की रुग्णाला आपण सांगतो : हे घराण्यातून आलंय, पुढे जाईल, उपाय नाही. एवढं मोठं वाक्य बोलण्याआधी इतर कारणं तपासून बाजूला ठेवली पाहिजेत, हे वैद्यकाच्या पुस्तकातही लिहिलेलं आहे. आणि त्या कारणांच्या यादीत अगदी वर एक असं कारण आहे, ज्यावर उपचार आहे : हायपोपॅराथायरॉइडिझम.

गळ्यात थायरॉइडच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या सहसा चार ग्रंथी असतात, त्या पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. त्या काम करेनाशा झाल्या, किंवा थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये दुखावल्या, की रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि फॉस्फरस चढतं. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, हाताची बोटं वळतात, पोटऱ्यांत गोळे येतात, तरुणपणी मोतीबिंदू होतो. आणि फिट येतात. हे सगळं चालू असताना वर्षानुवर्षं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन साचत राहतं. चित्र तेच दिसतं, खडूने रंगवल्यासारखं.

हा उलटा हिशेब नीट वाचा, कारण घराघरांतला घोळ इथेच होतो. रक्तात कॅल्शियम कमी असतं म्हणून डोक्यात साचतं. खाण्यातलं दूध किंवा पानाला लावलेला चुना मेंदूत जाऊन बसत नाही. 'मेंदूत कॅल्शियम वाढलंय' हे वाचून अशा रुग्णाच्या कॅल्शियमच्या गोळ्या घरच्यांनी बंद केल्या, तर त्याला त्याच दिवसांत जोरदार फिट येऊ शकते.

आमच्याकडे एकोणीस वर्षांची एक मुलगी आली होती. पडून डोक्याला लागलं म्हणून स्कॅन. सोबत चार वर्षांची जाडजूड फाइल. आधीचा स्कॅन दुसऱ्या शहरातला, त्यावर 'फार्स डिसीज'. फिटची दोन औषधं चालू, तरी फिट थांबत नव्हत्या. गावात कुणी चप्पल हुंगवत होतं, कुणी बाहेरची बाधा सांगत होतं. वडील फॉर्म भरताना सहज बोलले, 'हिची बोटं अशी वळतात बघा, पहाटे जास्त.' चार वर्षांच्या फाइलमध्ये रक्तातल्या कॅल्शियमचा एकही कागद नव्हता. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी रिपोर्टच्या शेवटी एक ओळ लिहिली : कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच तपासून घ्यावं. कॅल्शियम फारच खाली निघालं. कॅल्शियमच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन डीचं तयार रूप सुरू झालं. वर्षभराने वडील आपल्या आईला घेऊन स्कॅनला आले तेव्हा म्हणाले, 'पोरगी कॉलेजात जाते, फिट नाही.' तिच्या डोक्यातला चुना आजही तिथेच असणार. मुलगी बरी आहे.

तिला चार वर्षं काय महागात पडलं? स्कॅन तर झालाच होता. औषधंही चालू होती. उलट फेनिटोइन, फिनोबार्बिटोन यांसारखी फिटची जुनी औषधं शरीरातल्या व्हिटॅमिन डीचा निचरा वाढवतात, त्यामुळे कॅल्शियम आणखी उतरू शकतं. (म्हणून कुणी ती स्वतःच्या मनाने थांबवू नका, अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.) राहून गेली ती एक रक्ततपासणी, जिचा खर्च स्कॅनच्या बिलापुढे किरकोळ आहे.

हा धडा आपण एकदा शिकलो होतो

चित्राला निदान समजण्याची चूक या देशात नवी नाही. १९८०च्या दशकात भारतातल्या मोठ्या शहरांत सीटी मशीनं आली आणि फिट येणाऱ्या तरुणांच्या मेंदूत एकच छोटी, कड उजळणारी गाठ दिसू लागली. आपला देश क्षयाचा, तेव्हा ही क्षयाचीच गाठ, असं अनेकांनी धरलं. कित्येक रुग्णांना महिनोन्महिने टीबीची औषधं दिली गेली. काही महिन्यांनी गाठ नाहीशी व्हायची, मग औषध लागू पडलं असंच वाटायचं. अडचण एवढीच होती, की औषध न दिलेल्यांचीही गाठ नाहीशी होत होती.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठींचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बहुतेक ठिकाणी क्षय नव्हताच, डुकरातून येणाऱ्या टेपवर्मची मरायला लागलेली अळी होती. चित्र पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. चित्राखाली लिहिलेलं नाव चुकीचं होतं, आणि ते दुरुस्त झालं चित्रापलीकडे जाऊन बघितल्यामुळे.

ती अळी मेली की तिच्या जागी बहुधा काय उरतं? कॅल्शियमचा एक कण. आपल्याकडच्या स्कॅनमध्ये दिसणारे कितीतरी एकटे पांढरे ठिपके अशा मेलेल्या अळ्यांच्या खुणा आहेत. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या गोऱ्या सैनिकांना मायदेशी गेल्यावर फिट येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या स्नायूंच्या एक्स-रेमध्ये अशाच कॅल्शियम धरलेल्या अळ्या दिसल्या होत्या. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये अशा ४५० रुग्णांचा अभ्यास छापून आला.

या ठिपक्याचाही अर्थ आपण उलटा लावतो. रिपोर्ट वाचून कुणी म्हणतं, 'डोक्यात किडा आहे, मारायचं औषध द्या.' तो मेलेलाच आहे. फक्त कॅल्शियम धरलेले ठिपके असतील तर कृमी मारणारी औषधं देऊ नयेत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. अशा रुग्णाला गरज असते ती फिट आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाची. कारण ठिपका मेलेल्या अळीचा असला तरी त्याच्याभोवती अधूनमधून सूज येऊन फिट येऊ शकते. दुसरीकडे कुणी म्हणतं, 'आम्ही शुद्ध शाकाहारी, आमच्यात हे कसं शक्य आहे?' शक्य आहे. अर्धंकच्चं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात टेपवर्म होतो. मेंदूत अळी होते ती त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी दुसऱ्याच्या पोटात गेल्यामुळे, न धुतलेल्या हातांतून, पाण्यातून, कच्च्या भाजीतून. दोष कोबीचा नाही. दोष उघड्या गटाराचा आणि साबण नसलेल्या संडासाचा आहे. त्या पांढऱ्या ठिपक्यात आपल्या गावाच्या सांडपाण्याची नोंद आहे. आपण मात्र ती त्या घराची, त्या मुलीची खोट म्हणून वाचतो.

आणि मग लग्नं मोडतात. हिंदू विवाह कायद्यात फेफरं हा लग्नाच्या आड येणारा दोष मानला जायचा, ते कलमातून १९९९ मध्ये काढून टाकलं. कायद्याने काढलं, पण बघण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या फाइलची चौकशी चालूच आहे. अशा वेळी रिपोर्टवरचा एक सैल शब्द किती दूर जातो, याचा विचार तो शब्द लिहिणाऱ्याने करायला नको का?

'क्लिनिकली कोरिलेट करा'

माझ्या या बोलण्यावर काय उत्तर येतं ते मला माहीत आहे. रेडिओलॉजिस्ट म्हणतात, 'आमच्याकडे फॉर्म येतो त्यावर एकच शब्द असतो : सीझर. वय, आधीचं ऑपरेशन, मुंग्या, काही लिहिलेलं नसतं. आम्ही चित्र वाचतो आणि खाली लिहितो, क्लिनिकली कोरिलेट करा.' पाठवणारे डॉक्टर म्हणतात, 'रिपोर्टमध्ये नाव आलंय, आम्ही त्यावर विश्वास ठेवतो. बाहेर साठ पेशंट बसलेत.' दोघांचंही म्हणणं खोटं नाही. पण याचा अर्थ असा, की चेंडू इकडून तिकडे फिरतो आणि रुग्ण मधल्या मैदानात उभा राहतो. 'कोरिलेट करा' हे वाक्य इतक्या रिपोर्टांच्या शेवटी असतं, की आता ते कुणी वाचतच नाही.

काहीजण बारकावा काढतात : 'आम्ही डिसीज म्हणत नाही, फार्स सिंड्रोम म्हणतो, त्यात इतर कारणंही येतात.' ठीक आहे. पण रात्री अकरा वाजता मोबाइलवर ते दोन शब्द शोधणाऱ्या भावाला हा फरक कोण सांगणार? त्याला पहिल्या पानावर 'दुर्मिळ, आनुवंशिक, उपचार नाही' एवढंच दिसतं.

मी स्कॅनच्या विरोधात नाही. माझं पोट त्याच्यावर आहे, आणि वेळेवर झालेल्या स्कॅनने वाचलेली माणसं मी पाहिली आहेत. मेंदूतल्या काही गाठींमध्ये कॅल्शियम असतं, जन्माआधीच्या संसर्गाने बाळाच्या मेंदूत असतं, ते दिसणं महत्त्वाचंच आहे. ते कुठे आहे, एका बाजूला की दोन्ही, एक की अनेक, यावरून जाणकार रेडिओलॉजिस्ट पुष्कळ काही ओळखतात. मागणी एवढीच आहे, की जे ओळखलं ते नीट लिहा, आणि जे चित्रातून कळूच शकत नाही त्याचं नाव देऊ नका.

दोन्ही बाजूंच्या बेसल गँग्लियात वयाच्या मानाने जास्त कॅल्शियम दिसलं, तर रिपोर्टमध्ये 'फार्स' लिहिण्याऐवजी तपासण्यांची नावं लिहा : कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच. ज्या जागी चार अक्षरांची दहशत बसते, त्याच जागी ही तीन नावं मावतात. पिनियलचा ठिपका असेल तर 'वयानुसार नेहमीचं' असं साध्या शब्दांत लिहा. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी फॉर्मवर एका शब्दाऐवजी दोन ओळी लिहाव्यात. थायरॉइडचं ऑपरेशन झालंय का, बोटं वळतात का, हे विचारायला अर्धं मिनिट लागतं.

आणि तुम्ही. घरात शिकलेले, इंग्रजी वाचता येणारे बहुधा तुम्हीच असता, म्हणून रिपोर्ट आधी तुमच्याच फोनवर येतो. तो गूगलला दाखवण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. हे कॅल्शियम नेहमीच्या जागी आहे की वेगळ्या? याचं कारण शोधायला रक्ताची कोणती तपासणी करायची? आणि आत्ता जो त्रास आहे तो याच डागामुळे आहे, असं कशावरून? तिसरा प्रश्न डॉक्टरांना आवडणार नाही कदाचित. तरी विचारा. उत्तर मिळेपर्यंत कुठलीही गोळी बंद करू नका आणि कुणाच्याही घरी फोन करून लग्न मोडू नका.